रडताना अश्रू येतात, मग डोळा कोरडा कसा?

पत्र :

डॉक्टर, चार महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांची लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया, केली. नंबर उणे साडेपाच होता आणि त्याआधी नऊ वर्षं मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होते. आता तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. पण दुपारनंतर डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपतं. सकाळी पापणी डोळ्याला चिकटलेली असते, अक्षरशः ओढून उघडावी लागते. वाऱ्यात गेलं की घळाघळा पाणी वाहतं आणि संध्याकाळी स्क्रीनवरची अक्षरं धूसर दिसतात. ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर म्हणतात, डोळा थोडा कोरडा आहे, थेंब घाला, बाकी ६/६ आहे. मला हे पटत नाही. मागच्या आठवड्यात घरात भांडण झालं तेव्हा तासभर रडले, ओढणी भिजली. इतके अश्रू येतात तर डोळा कोरडा कसा? हे आता कायमचं का? नंबरही थोडा परत आल्यासारखा वाटतो, तर पुन्हा लेसर करून घेऊ का? धाकटा भाऊही शस्त्रक्रियेचं म्हणतोय, त्याला काय सांगू?

– एक चष्मामुक्त

उत्तर :

तुमच्या ओढणीपासूनच सुरुवात करते, कारण सगळ्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न तोच आहे.

डोळ्यात पाणी यायच्या वाटा एकाहून जास्त आहेत. मन भरून येतं तेव्हा हुकूम मेंदूतून निघतो आणि थेट अश्रुग्रंथीपर्यंत पोचतो. डोळ्याच्या पृष्ठभागाला तिथे कुणी विचारतही नाही. त्यामुळे लॅसिकनंतरही माणूस पोटभर रडू शकतो. पण दिवसभर, आपल्या नकळत, डोळ्यावर जो पातळसा ओलावा राहतो त्याचा हुकूम मेंदू आपणहून काढत नाही. त्यासाठी डोळ्याने आधी ‘इथे सुकायला लागलंय’ अशी वर्दी द्यावी लागते. ही वर्दी देतात कॉर्नियातल्या नसा, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेसारख्या भागातल्या. शरीरात इतक्या दाट नसा क्वचितच दुसरीकडे कुठे असतील, म्हणून तर तिथे इवलंसं कुसळ गेलं तरी आपण कासावीस होतो.

आता लॅसिकमध्ये काय केलं ते आठवा. कॉर्निया जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. त्यातला वरचा १००-१२० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) पापुद्रा, ज्याला आम्ही फ्लॅप म्हणतो, गोल कापून पुस्तकाच्या पानासारखा बाजूला उलटला. खालच्या भागावर लेसरने नंबराइतकी झीज केली आणि पान परत मिटलं. पान बिजागरीच्या बाजूने जोडलेलं राहतं, तिथल्या नसा वाचतात. उरलेल्या घेराभोवतीच्या कापल्या जातात, आणि लेसर ज्या थरावर फिरतो तिथल्याही जातात. नंबर जितका मोठा, तितका लेसर खोल. उणे साडेपाच काही अगदी लहान नंबर नव्हे.

म्हणजे ग्रंथी शाबूत आहे, पाणीही आहे, वर्दी देणारा मात्र जायबंदी झालाय. वर्दी नाही म्हणून पाझर कमी, आणि पापणीची उघडझापही कमी, कारण पापणी केव्हा लवायची हेही याच नसा सांगतात. तिसरंही एक काम त्या करतात, जे कुणाच्या ध्यानात येत नाही. कॉर्नियाच्या वरच्या पेशींना सुदृढ ठेवणारी द्रव्यं त्यांच्यातून झिरपतात. नस गेली की या पेशींची वरची त्वचाही थोडी नाजूक होते.

मग वाऱ्यात पाणी का वाहतं? कॉर्नियाचा कडेचा भाग आणि पांढऱ्या भागावरचं आवरण यांच्या नसा बऱ्याचशा जाग्या आहेत. वारा लागून ओलावा उडाला की त्या एकदम बोंब ठोकतात आणि ग्रंथी बादलीभर पाणी ओतते. हे पाणी टिकत नाही. डोळ्यावरच्या ओलाव्यात नुसतं पाणी नसतं, खाली म्यूसिन नावाचा चिकट थर असतो, ज्याच्यामुळे पाणी कॉर्नियाला धरून राहतं, आणि वर तेलाचा पातळ थर, ज्याच्यामुळे ते उडून जात नाही. म्यूसिन बनवणाऱ्या पेशी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर असतात आणि शस्त्रक्रियेत डोळा धरून ठेवायला जी चकती पोकळीच्या दाबाने लावतात, तिच्याखाली त्या चेपल्या जातात. म्यूसिन कमी पडलं की पाणी कितीही येवो, ते अळवावरचं पाणी. घरंगळून गालावर येणार, डोळा कोरडा तो कोरडाच.

आता ६/६ बद्दल. तुमचे डॉक्टर खोटं बोलत नाहीयेत, पण तक्ता जे मोजतो त्यात तुमची तक्रार बसतच नाही. डोळ्यात शिरणारा उजेड सर्वांत आधी अश्रूंच्या थरावरच वळतो. तो थर गुळगुळीत असला की नजर स्वच्छ, जागोजागी फाटला की धूसर. तपासणीच्या खुर्चीत माणूस नीट बसतो, पापण्या मिटतो, डोळे ताणतो आणि दहा सेकंदांत ओळ वाचून मोकळा होतो. संध्याकाळी सहा वाजता स्क्रीनपुढे तिसरा तास चालू असताना कुणी तक्ता धरत नाही. एक साधी गोष्ट करून पाहा. अक्षरं धूसर झाली की दोनदा पापण्या पूर्ण मिटा. क्षणभर स्पष्ट दिसून पुन्हा धूसर झालं, तर दोष बहुतेक अश्रूंच्या थराचा. मिटून काहीच फरक पडला नाही, तर नंबराचा विचार करायचा.

यातूनच ‘पुन्हा लेसर करू का’ याचं उत्तर येतं. आत्ता नाही. चार महिन्यांवर तर नाहीच. कोरड्या पृष्ठभागावर घेतलेलं मोजमाप आज एक दाखवतं, परवा दुसरं. त्या मोजमापावर लेसर चालवणं म्हणजे हलत्या तराजूत सोनं तोलणं. शिवाय दुसऱ्या वेळी बहुतेकदा तोच फ्लॅप उचलतात किंवा पृष्ठभागावरून लेसर करतात. दोन्हींत नव्याने फुटत असलेल्या नसांना पुन्हा धक्का. आधी पृष्ठभाग सावरू द्या, मग काही महिन्यांच्या अंतराने घेतलेले आकडे जुळले तर बोलू. माझा अंदाज, त्या वेळी बोलायची गरजही उरणार नाही, पण हा अंदाजच समजा.

कायमचं आहे का? बहुतेकांचं नसतं. नसा वाढतात, फक्त अगदी सावकाश. कॉर्नियाची संवेदना साधारण सहा महिने ते वर्षभरात बरीचशी परत येते. सूक्ष्मदर्शकाखाली नसांची दाटी पूर्ववत व्हायला त्याहून कितीतरी जास्त, काही वर्षं लागतात, पण तक्रारी तितक्या काळ राहतीलच असं नाही. तुम्ही चौथ्या महिन्यात आहात, म्हणजे वाटेच्या मधोमध. तुम्ही एकट्याही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये लॅसिकनंतरच्या जगण्याचा एक अभ्यास हाती घेतला होता. शस्त्रक्रियेपूर्वी कोरडेपणाची कसलीही तक्रार नसलेल्यांपैकीही २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी तशी तक्रार सांगितली. काही थोड्या लोकांचा त्रास मात्र वर्षानंतरही राहतो. ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त बोलकं वाटलं, नऊ वर्षं लेन्स. लेन्स शेवटी शेवटी टोचायला लागल्या होत्या का? संध्याकाळी कधी एकदा काढते असं व्हायचं का? कारण लॅसिककडे वळणाऱ्या बऱ्याच जणांचं कारणच ‘आता लेन्स सहन होत नाहीत’ हे असतं, आणि लेन्स सहन न होण्यामागे पुष्कळदा मुळातला कोरडेपणा असतो. ज्याला ही शस्त्रक्रिया सर्वांत जास्त हवीशी वाटते, त्याचाच डोळा तिच्यासाठी कमी तयार, असा हा विचित्र मामला आहे. हे तुमच्या बाबतीत खरं असेल तर सगळा दोष लेसरच्या माथी मारून चालणार नाही, आणि उपायही फक्त ‘नसा वाढायची वाट बघा’ इतकाच राहणार नाही.

थेंब तुम्ही घालताय, पण कसे? बहुतेक जण खुपलं की घालतात. हे म्हणजे रोप माना टाकेल तेव्हाच पाणी द्यायचं. त्यात तुमची वर्दी देणारी यंत्रणाच बधिर आहे, म्हणजे खुपायला लागेपर्यंत डोळा केव्हाचा सुकलेला असतो. घड्याळ लावून घाला, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, बरं वाटत असलं तरी. एका वेळी एकच थेंब. डोळ्यावर एरवी सात मायक्रोलिटरच्या आसपास अश्रू असतात आणि बाटलीतला एक थेंब त्याच्या पाच-सहापट मोठा असतो, दुसरा सरळ गालावर. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. त्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठीचं रसायन असेल तर दिवसातून इतक्या वेळा ते नको, त्याने पृष्ठभागाच्या पेशींनाच त्रास होतो. संरक्षक द्रव्य नसलेले थेंब मागून घ्या, कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज किंवा हायल्युरोनेटचे. लाली घालवणारे थेंब मात्र अजिबात नकोत. ते रक्तवाहिन्या आवळून डोळा तासाभरासाठी पांढरा करतात आणि परिणाम उतरला की लाली आणखी चढते.

सकाळच्या चिकटलेल्या पापणीबद्दल जरा कडक बोलते : ओढू नका. झोपेत अश्रू जवळजवळ बनतच नाहीत, नाजूक झालेली वरची त्वचा पापणीला धरते, आणि ओढलं की ती सोलवटू शकते. रात्री झोपताना जेल किंवा मलम घाला. नजर धूसर होईल, होऊ द्या, झोपायचंच आहे. उशाशी थेंब ठेवा. जाग आली की डोळे मिटलेलेच ठेवून आतल्या कोपऱ्यात एक थेंब सोडा, मिटल्या पापणीआड बुबुळं डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि मग सावकाश उघडा. तरीही एखाद्या पहाटे सुरी फिरवल्यासारखी कळ आली तर ती कोरडेपणाची नेहमीची खुपखुप समजू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि डोळे चोळणं बंद. फ्लॅप फार काळ जोराच्या धक्क्याला हळवा राहतो.

तेलाचा थर राहिला. ‘डोळ्यांत तेल घालून’ जागण्याची आपल्याकडे ख्याती आहे, पण डोळा हे काम रोजच करतो. पापण्यांच्या कडेला ओळीने तेलग्रंथी असतात आणि दर वेळी पापणी पूर्ण मिटली की त्यातून तेल पिळून निघतं. स्क्रीनकडे बघताना आपण निम्म्याहूनही कमी वेळा पापणी मिटतो आणि मिटतो तीही अर्धीमुर्धी. तेल आतच घट्ट होतं. त्यावर उपाय म्हणजे शेक. सोसवेल इतका गरम, भाजेल असा नाही, मिटलेल्या पापण्यांवर आठ-दहा मिनिटं, मग कडेवरून अगदी हलका हात, डोळ्याच्या गोळ्यावर दाब न देता. मात्र फ्लॅप अजून नवा आहे, त्यामुळे हा हात फिरवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेच्या खाली घ्या, म्हणजे उघडा भाग कमी होतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदला. बाहेर बाजूंनी झाकणारा गॉगल लावा. चष्मा सुटला म्हणून इतका खर्च केला आणि आता पुन्हा नाकावर काहीतरी, हे मला कळतं, पण वर्षभराची गोष्ट आहे.

भरपूर पाणी प्या, असा सल्ला तुम्हाला दहा जणांनी दिला असेल. प्या, तहान लागेल तेवढं. पोटातल्या पाण्याने कापलेल्या नसा जुळत नाहीत. माशांच्या तेलाच्या गोळ्यांचंही तसंच. त्यांच्यावर माझाही पूर्वी बराच भरवसा होता, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षभर ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा काही वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हापासून मी त्या सुचवणं सोडलं. उलट तुम्ही सर्दी-ॲलर्जीची गोळी, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन किंवा नैराश्यावरचं औषध घेत असाल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यातली कित्येक औषधं डोळा सुकवतात. मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

हे सगळं सहा-आठ आठवडे नेटाने करूनही फरक नसेल तर ‘थेंब घाला’ यावर थांबायचं कारण नाही. मोजून घ्या. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून ती किती भिजते ते बघतात, ही शर्मर चाचणी. पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर गडबड, पाचच्या आत तर नक्कीच. रंग कॉर्नियावर कुठे धरून बसतो त्यावरून पेशी कुठे उघड्या पडल्यात ते कळतं. पापण्यांच्या ग्रंथी दाबून तेल कसं येतं तेही बघायला हवं. त्यावरून पुढचं ठरतं. पृष्ठभागाला सूज असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ते आधी झोंबतात आणि गुण यायला दोन-तीन महिने घेतात. पंधरा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. पाणीच कमी असेल तर पापणीच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्राला बूच बसवतात, म्हणजे आहे ते पाणी नाकात वाहून जात नाही. पण सूज उतरवून मग. नाहीतर सुजेची द्रव्यंही डोळ्यातच कोंडली जातात. फारच हट्टी त्रासात स्वतःच्याच रक्तातला सीरम वेगळा काढून, पातळ करून त्याचे थेंब देतात. त्यात नसांना आणि त्वचेला लागणारी वाढीची द्रव्यं असतात.

स्टेरॉइडचे थेंब काही दिवस दिले तर घाबरू नका, पण ठरल्या दिवशी बंद करा आणि उरलेली बाटली पुन्हा कधी स्वतःहून उघडू नका. त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि लॅसिक झालेला कॉर्निया पातळ असल्याने यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. यापुढे कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे गेलात, अगदी वीस वर्षांनी मोतीबिंदूसाठी गेलात तरी, लॅसिक झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा. शस्त्रक्रियेआधीची मोजमापं आजच मागून घेऊन फाइलला लावा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, तरी लिहून ठेवते. काही थोड्या जणांत पृष्ठभाग तपासणीत जवळजवळ ठीक दिसतो आणि वेदना मात्र असह्य असते, जळजळ, उजेड सोसवत नाही, थेंबांनी ढिम्म फरक नाही. कापलेल्या नसा वाढताना चुकीच्या जुळल्या की असं होऊ शकतं. हे नसांचं दुखणं आहे, त्याला वेगळी औषधं लागतात. बधिर करणारा थेंब घालून वेदना थांबते का, हे डॉक्टर दवाखान्यात तपासतात. तो थेंब घरी कधीही वापरायचा नसतो, त्याने कॉर्निया विरघळू शकतो. अशा माणसाला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवलं जातं तेव्हा मला राग येतो.

तुमची फसवणूक झाली का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्राच्या सुरात ते आहे. शस्त्रक्रियेपूर्वी अश्रूंची तपासणी झाली होती का आणि लेन्सबद्दल खोदून विचारलं होतं का, एवढं आठवून पाहा. झालं असेल तर ही ठाऊक असलेली, सांगून होणारी अडचण आहे. झालंच नसेल, नुसतीच कागदावर सही घेतली असेल, तर ती चूक, आणि ती त्यांना शांतपणे बोलून दाखवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

भावाला सांगा, आधी अश्रू तपास, मग लेसर. लेन्स वापरत असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद. कोरडेपणा सापडला तर तो बरा करून मग तारीख. स्माइल नावाच्या दुसऱ्या लेसर पद्धतीत फ्लॅप नसतो, दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून काम होतं, त्यामुळे नसा कमी कापल्या जातात आणि संवेदना लवकर परतते. पण ‘त्यात कोरडेपणा होतच नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. पीआरके या तिसऱ्या पद्धतीतही फ्लॅप नाही, पण वरची त्वचा काढतात, पहिले काही दिवस बरेच दुखतं. आणि तपासणीत डोळा फारच कोरडा निघाला तर चष्मा हा काही आजार नव्हे.

पुढच्या तपासणीला जाताना सकाळी दहाची वेळ घेऊ नका. दिवसभर काम करून, संध्याकाळची शेवटची वेळ मागा, आणि जायच्या आधी दोन तास थेंब घालू नका. घरी जे दिसतं ते एकदा त्यांनाही दिसू द्या.